परभणीची थंडी आणि दुधाची शेळी

परभणी जिल्ह्यात शेळीला थंडीपासून जपण्याचे दिवस वर्षात थोडेच असतात. डिसेंबर लागला की रात्री गार होऊ लागतात आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत थंडी ओसरते. एरवी हा उन्हाळ्यासाठी ओळखला जाणारा मुलूख आहे. मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या पुढे जातो, त्यामुळे गोठ्याची आखणी करताना शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे ऊनच असते. पण समुद्रापासून दूर, गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या खोऱ्यांतला हा सपाट काळ्या जमिनीचा प्रदेश हिवाळ्यात निरभ्र रात्री झपाट्याने निवतो. हवा कोरडी आणि आभाळ मोकळे असल्याने दिवसभर तापलेली जमीन आपली उष्णता रात्रीत सोडून देते. दुपारी २८-३० अंश सेल्सिअस असलेले तापमान पहाटे १२-१४ अंशांवर येते आणि उत्तरेकडून थंडीची लाट आली की ५-६ अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरते. अशा वेळी वर्तमानपत्रांतल्या मराठवाड्याच्या थंडीच्या बातमीत परभणीच्या कृषी विद्यापीठातली नोंद बहुधा असतेच.

लडाखच्या चांगथांगी किंवा स्वित्झर्लंडच्या सानेन शेळीला सोसाव्या लागणाऱ्या थंडीच्या तुलनेत ही थंडी किरकोळ आहे. चांगथांगी शेळी शून्याखाली कित्येक अंश तापमानात उघड्यावर राहते, कारण तिच्या लांब केसांखाली पश्म नावाच्या मऊ लोकरीचा दाट थर असतो. परभणीच्या शेळीकडे तो नाही. तिचे केस आखूड, चकचकीत आणि उष्णता बाहेर टाकण्यासाठी घडलेले. त्यातच एकाच दिवसात पंधरा-वीस अंशांचा चढउतार सोसावा लागतो. मोठ्या शेळीला तो सोसतो. अडीच किलोच्या, नुकत्याच जन्मलेल्या ओल्या करडाला सोसत नाही. परभणीत थंडीचा प्रश्न मुख्यतः करडाचा आणि त्यातही त्याच्या पहिल्या काही रात्रींचा आहे. गोठा, चारा, माजाचा हंगाम, दूध काढण्याची वेळ या बाकीच्या गोष्टी त्या रात्री लक्षात घेऊन ठरवल्या तर हिवाळा सुखरूप पार पडतो.

जिल्ह्यातली मुख्य जात उस्मानाबादी. धाराशिव, लातूर, बीड, परभणी, सोलापूर आणि अहिल्यानगर हा तिचा मूळ पट्टा. रंग बहुधा काळा, काहींच्या अंगावर पांढरे वा तपकिरी ठिपके, कान मध्यम लांब, मादीचे वजन ३० ते ३५ किलो. ती मटणासाठी प्रसिद्ध असली तरी दुधातही अगदी मागे नाही. बऱ्यापैकी खाणे मिळालेली शेळी दिवसाला अर्धा ते दीड लिटर दूध देते आणि साधारण चार महिने दुधावर राहते. जुळ्यांचे प्रमाण चांगले असणे हा तिचा मोठा गुण. मात्र दुधाचा हिशेब करणाऱ्याला त्याच गुणाची अडचण होते, कारण जुळी करडे आईच्या दुधातला मोठा वाटा पिऊन टाकतात.

जास्त दुधाच्या आशेने पंजाबातल्या गुरुदासपूर-अमृतसर भागातली बीटल किंवा राजस्थानची सिरोही आणण्याकडे नव्या शेळीपालकांचा ओढा असतो. बीटल रोज दोन लिटरच्या आसपास दूध देते आणि पंजाबचा हिवाळा परभणीहून कडक असल्याने इथल्या थंडीत तिचे काही बिघडत नाही. पण तेवढे दूध द्यायला तिला तेवढा हिरवा चारा आणि खुराक लागतो आणि कोरडवाहू शेतकऱ्याकडे एप्रिल-मेमध्ये नेमका तोच नसतो. सानेनची गोष्ट आणखी वेगळी. तिच्या मायदेशी ती रोज तीन लिटर किंवा त्याहून जास्त दूध देते, पण पांढरे केस आणि गुलाबी कातडी घेऊन मराठवाड्याच्या उन्हात ती टिकायची कशी? कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेने सानेन आणि अल्पाइन या जाती शुद्ध न ठेवता बीटलशी संकर केला, त्यामागे हाही विचार होता. दोन-चार एकरांच्या शेतावर पाच-सहा शेळ्या बांधणाऱ्याने गावातल्याच कळपातून दुधाळ आईची, जुळ्यांतली उस्मानाबादी पाट निवडणे जास्त शहाणपणाचे. बोकडही दुधाळ आईचा पाहावा. दुधाचा गुण बोकडाकडूनही उतरतो, तरी बाजारात बोकड घेताना फक्त त्याचा डौल बघितला जातो.

थंडीचे खरे नियोजन हिवाळ्यात होत नाही, ते उन्हाळ्याच्या शेवटी होते. शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा, म्हणजे पाच महिन्यांचा. थंड देशांतल्या शेळ्या दिवस लहान होऊ लागल्यावर, शरद ऋतूतच माजावर येतात. परभणी १९ अंश अक्षांशावर असल्याने दिवसाच्या लांबीत फारसा फरक पडत नाही आणि उस्मानाबादी शेळी वर्षभर माजावर येऊ शकते. मात्र चाऱ्याचा परिणाम होतोच. मृगाचा पाऊस पडून हिरवे उगवले की जून-जुलैमध्ये एकदम बऱ्याच शेळ्या माजावर येतात. त्या फळल्या की नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वितात आणि जुलैअखेरीस लागलेल्या शेळ्या तर ऐन कडाक्याच्या थंडीत वितात. सगळे निसर्गावर सोडले तर करडे अशा हंगामात जन्मतात.

माज थोडा अलीकडे ओढता येतो. मेच्या मध्यापासून शेळ्यांना रोज पाव किलोच्या आसपास भरडा दिला, बोकड आधी महिनाभर नजरेआड व वासाआड ठेवून मग अचानक कळपात सोडला, तर पुष्कळ शेळ्या आठ-दहा दिवसांत माज दाखवतात. मेअखेरीस लागलेली शेळी ऑक्टोबरच्या शेवटी विते. तेव्हा रात्री उबदार असतात, बांधावर हिरवे असते, सोयाबीनची मळणी नुकतीच उरकलेली असते आणि थंडीची पहिली लाट येईपर्यंत करडे महिना-दीड महिन्यांची झालेली असतात. कडक उन्हात बोकडाचे वीर्य कमजोर होते आणि काही शेळ्या उलटतात, हा या योजनेतला धोका. म्हणून बोकडाला दिवसा गर्द सावलीत ठेवून सकाळी लवकर किंवा संध्याकाळी शेळी दाखवावी. माज २४ ते ३६ तास टिकतो आणि फळली नाही तर १८ ते २१ दिवसांनी परत येतो, तेव्हा दुसरी संधी जूनच्या मध्यालाच मिळते.

दोन वर्षांत तीन वेत घेण्याची शिफारस सगळीकडे ऐकू येते. ऑक्टोबर, मग आठ महिन्यांनी जून, पुढे फेब्रुवारी आणि पुन्हा ऑक्टोबर असे हे चक्र बसवले तर डिसेंबर-जानेवारी आपोआप टळतात. पण जूनमध्ये विणाऱ्या शेळीचे शेवटचे दोन महिने एप्रिल-मेच्या टंचाईत जातात आणि गर्भाची बहुतेक वाढ त्याच काळात होते. चाऱ्याची बेगमी नसेल तर वर्षाला एकच वेत घेतलेला बरा. घरात वर्षातले जास्त महिने थोडेतरी दूध हवे असेल तर कळपाचे दोन भाग करून निम्म्या शेळ्या ऑक्टोबरच्या आणि निम्म्या फेब्रुवारीच्या वेताला लावता येतात.

गोठा उन्हाळ्याला धरून बांधलेला असला तरी हिवाळ्यातही उपयोगी पडू शकतो, फक्त दिशा नीट हवी. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली तर मेमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्याने ऊन आत शिरत नाही. डिसेंबरमध्ये भर दुपारीही परभणीत सूर्य दक्षिणेकडे सुमारे ४७ अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेकडची वळचण सहा फूट उंच असली तर ऊन साडेपाच फूट आत पोचते. गव्हाण आणि बसायची जागा त्या पट्ट्यात येईल अशी ठेवावी. काळ्या शेळीला या उन्हाचा जास्त फायदा, कारण काळे केस ऊन शोषतात. सकाळी शेळ्या भिंतीला अंग लावून उन्हाकडे कुशी करून उभ्या राहिलेल्या दिसतात. त्यांना तासभर तसे उभे राहू द्यावे.

हिवाळ्यातले वारे बहुधा उत्तर आणि ईशान्येकडून येतात. उत्तरेची बाजू खालून तीन-चार फूट पक्की असावी आणि तिच्या वरच्या भागाला रात्री पोत्यांचे किंवा ताडपत्रीचे पडदे सोडावेत. इथे बहुतेकांकडून चूक होते ती पडदे कमी पडण्याची नव्हे, जास्त पडण्याची. चारही बाजू गच्च बंद केल्या की मुताचा अमोनिया आत कोंडतो, श्वासाची वाफ छपराला लागून पाणी ठिबकते आणि सकाळपर्यंत शेळ्या खोकू लागतात. शेळीच्या अंगावर वारा नको, पण तिच्या डोक्यावरून हवा खेळती हवी. गोठ्यात शिरून शेळीच्या उंचीएवढे खाली वाकावे. डोळे चुरचुरले तर छपराखालची फट मोकळी करावी. एका मोठ्या शेळीला छपराखाली दहा-बारा चौरस फूट जागा आणि बाहेर तिच्या दुप्पट मोकळे आवार एवढे पुरते.

जमीन कोरडी असणे हे भिंतीपेक्षाही महत्त्वाचे. ओल्या मातीवर बसलेली शेळी वाऱ्यातल्या शेळीपेक्षा लवकर गारठते, कारण ओल अंगाची उष्णता थेट ओढून घेते. परभणीची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून गोठ्यात मुरूम टाकून भर घ्यावी आणि उतार काढावा. युरोपातल्या बर्फाळ भागांत हिवाळाभर गोठा न झाडता वरून नुसता कोरडा पेंढा पसरत जातात. खालचा थर कुजताना गरम होतो आणि जनावरांना खालून ऊब देतो. हीच पद्धत इथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालते. पेंढ्याच्या जागी उसाचे पाचट, सोयाबीनचे जाड भुसकट किंवा वाळका पालापाचोळा वापरता येतो. रोज ओला भाग झाकला जाईल एवढा नवा थर द्यावा आणि उन्हाळ्यात सगळे काढून लेंडीखत म्हणून शेतात टाकावे. पावसाळ्यात मात्र हा प्रयोग करू नये, तेव्हा त्या थरात जंत आणि रक्ती हगवणीचे जंतू माजतात.

शेळीची शेगडी तिच्या पोटात असते. कोठीपोटात जंतू तंतुमय चारा आंबवतात तेव्हा उष्णता तयार होते आणि खरखरीत चारा पचायला वेळ लागत असल्याने ती रात्रभर टिकते. म्हणून हिवाळ्यात संध्याकाळच्या वैरणीत कोरडा भाग वाढवावा. तुरीचे भुसकट या कामी उत्तम, शेळ्या ते आवडीने खातात आणि त्यात प्रथिनेही कडब्यापेक्षा जास्त असतात. हरभऱ्याचे भुसकटही चांगले. सोयाबीनच्या भुसकटातल्या जाड काड्या त्या मागे टाकतात, तरी तेच जिल्ह्यात सर्वांत मुबलक आहे. दिवसाला सरासरी तीन-चार किलो हिरवे, किलोभर कोरडे आणि दूध देणाऱ्या शेळीला पाव किलोच्या आसपास खुराक असा बेत असावा. हिरव्यासाठी बांधावर शेवरी, सुबाभूळ आणि हादगा लावलेला असला की बोर-बाभळीच्या पाल्यावर सगळा भार पडत नाही. बाभळीच्या वाळक्या शेंगा हा फुकटचा खुराक आहे.

हिवाळा हा हरभऱ्याचा आणि लसूणघासाचाही हंगाम. दोन्ही कोवळे, दंव पडलेले, उपाशी पोटी भरपूर खाल्ले की पोट फुगते. आधी भुसकट, मग हिरवे असा क्रम ठेवला तर हे टळते. दंव असेपर्यंत शेळ्या चरायला सोडू नयेत याला आणखी एक कारण आहे. जंतांच्या अळ्या ओल्या गवताच्या पात्यावर चढलेल्या असतात आणि ऊन तापल्यावर खाली उतरतात. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या किंवा पूर्णा प्रकल्पाच्या पाझराच्या कडेने चरणाऱ्या कळपांना गोगलगायींमार्फत यकृतातल्या पर्णकृमींचाही उपद्रव होतो.

पाण्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. रात्रभर उघड्या टाक्यात गारठलेले पाणी शेळी सकाळी दोन घोट घेऊन सोडून देते, आणि पाणी कमी प्यायले की त्याच दिवशी दूध घटते. यावर तापवलेल्या पाण्याची गरज नाही. जमिनीखालचे पाणी वर्षभर साधारण एकाच तापमानाचे, पंचविसाच्या आसपास असते, म्हणूनच हिवाळ्यात पहाटे विहिरीतून वाफा निघताना दिसतात. शेळ्यांना पाजायच्या वेळी ताजे उपसलेले विहिरीचे वा बोअरचे पाणी दिले की काम भागते.

एवढे करूनही एखादी शेळी जानेवारीत विणारच, आणि बहुधा पहाटेच विणार. करडू आईच्या पोटातल्या ३९ अंशांतून एकदम आठ-दहा अंशांच्या हवेत येते, तेही ओले. अंगावरचे पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, म्हणून पहिले काम कोरडे करण्याचे. नाका-तोंडातला चिकटा काढून कोरड्या फडक्याने किंवा मऊ बारदानाने अंग चोळावे आणि लगेच आईपुढे ठेवावे. आईचे चाटणे हे वाळवणेही असते आणि ओळख पटवणेही. नाळ दोन इंचांवर कापून टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी.

दुसरे काम चिकाचे. जन्मतः करडाच्या अंगात थोडी तपकिरी चरबी असते. ती जळते तोवर त्याला ऊब मिळते, ती संपली की बाहेरून खाणे मिळालेच पाहिजे. तासाभरात पहिला चीक पोटात जावा आणि पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे अडीच किलोच्या करडाला पाव लिटर, तीन-चार वेळांत मिळावा. वार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही ही समजूत अजून काही घरांत आहे. तिने थंडीइतकीच करडे मारली असतील. वार पडायला काही तास लागू शकतात, आणि तेवढ्या वेळात चिकातली रोगप्रतिकारक द्रव्ये शोषून घेण्याची आतड्याची ताकद घटू लागते.

गारठलेले करडू ओळखण्याची सोपी खूण म्हणजे त्याच्या तोंडात बोट घालून पाहणे. तोंड गरम आणि चोखण जोरात असेल तर काळजी नाही. तोंड थंड लागले तर त्याला आधी ऊब द्यावी, मग दूध. अशा करडाच्या घशात बाटलीने दूध ओतले तर गिळण्याची शक्ती नसल्याने ते फुप्फुसात जाते. करडू मानेपर्यंत प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोमट पाण्यात धरले की अंग लवकर तापते आणि अंगावरचा वास धुऊन जात नाही, त्यामुळे आई त्याला झिडकारत नाही. जन्मून पाच-सहा तास उलटलेले, उपाशी आणि मलूल करडू असेल तर शेकण्याआधी पशुवैद्यकाकडून ग्लुकोज द्यावे लागते, कारण रक्तातली साखर संपलेली असताना नुसती ऊब दिली तर झटके येतात.

रात्रीसाठी बांबूचे डाले हे जुने साधन आजही चांगले आहे. खाली कोरडे पाचट, वरून तीन बाजूंनी पोते, आणि आत तीन-चार करडे एकमेकांना चिकटून. विजेचा दिवा लावायचा तर तो करडाच्या तोंडाला पोचणार नाही इतका वर आणि गवतापासून दूर बांधावा. गोठ्यात शेकोटी नको. धुराने फुप्फुसे बिघडतात आणि वाळक्या भुसकटात एक ठिणगी पुरते. अवकाळी पावसाची गोष्ट वेगळी. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने मराठवाड्यात पिकांबरोबर जनावरेही दगावली. पाऊस, वारा आणि गारठा एकत्र आले की मोठी शेळीसुद्धा उघड्यावर टिकत नाही, म्हणून आभाळ भरून आले की कळप गोठ्याकडे वळवावा.

थंडीत दिसणारा खोकला आणि नाकातला शेंबूड बऱ्याचदा गारठ्याने होतो, पण पीपीआर या विषाणूजन्य रोगाची सुरुवातही अशीच होते. ताप, डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड आणि पाठोपाठ हगवण अशी ओळ लागली तर तो गारठा नव्हे. पीपीआरची लस करडांना तीन-चार महिन्यांच्या वयात टोचली की तीन वर्षे संरक्षण मिळते. आंत्रविषाराची लस मात्र दरवर्षी, पावसाळ्याआधी टोचावी लागते. ती गाभण शेळीला विण्याच्या महिनाभर आधी दिली तर चिकातून करडालाही संरक्षण मिळते. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय असल्याने शंका आल्यास तपासणीची सोय जिल्ह्यातच आहे.

आता दूध. पहिल्या आठवड्यात जुळ्यांना मिळून अर्धा लिटर लागते आणि ती पाच-पाच किलोंची झाली की एक लिटर. म्हणजे लिटरभर दूध देणाऱ्या शेळीखाली पहिल्या महिन्यात माणसांसाठी फारसे काही उरत नाही आणि ओढून काढले तर करडे खंगतात. तीन-चार आठवड्यांनंतर करडे पाला चघळू लागली की त्यांना रात्री आईपासून वेगळी डाल्यात ठेवावीत, सकाळी शेळीचे दूध काढावे आणि दिवसभर करडे तिच्याजवळ सोडावीत. थंडीत करडांना रात्री उबेत ठेवायचेच असते, त्यामुळे दुधाची सोय वेगळ्या कष्टाशिवाय होते. तीन महिन्यांनी करडे तोडली की दोन्ही वेळचे दूध मिळते. पुढच्या वेताआधी दोन महिने शेळी आटवावी.

दूध काढण्यापूर्वी सड कोमट पाण्याने धुऊन पुसून कोरडे करावेत. ओले ठेवले तर थंड वाऱ्याने उलतात, करडू चोखताना शेळीला दुखते, ती लाथ झाडते आणि कासेत दूध तुंबून दगडी हा कासेचा आजार होतो. दुधाला येणारा उग्र वास बहुतेक वेळा बोकडाच्या सान्निध्यामुळे असतो. बोकड वेगळा बांधला, भांडे स्वच्छ ठेवले आणि दूध लगेच गार केले तर चहात फरक ओळखू येत नाही. शेळीच्या दुधातली स्निग्धाची गोळी बारीक असते, म्हणून साय जाड येत नाही. कॅरोटिन नसल्याने तूप पांढरेशुभ्र दिसते. डेंग्यूची साथ आली की या दुधाचा भाव चढतो, पण त्याने रक्तातल्या प्लेटलेट वाढतात याला भक्कम पुरावा नाही. कच्चे दूध पिण्याचा सल्ला तर घातकच, कारण ब्रुसेलोसिस हा तापाचा रोग शेळीच्या कच्च्या दुधातून माणसाला होतो. गर्भ टाकलेल्या शेळीचे दूध पशुवैद्यकाच्या तपासणीपर्यंत घरात घेऊ नये आणि तिची वार उघड्या हाताने न उचलता चुना टाकून खोल पुरावी.